कागदावरचे तेल



खेड्यात विहीर खोदायची ठरली की पहिला प्रश्न जागेचा. कुठे खोदायचे? मग कुणीतरी पाणाड्याला बोलावून आणतो. तो तळहातावर नारळ आडवा ठेवून रानातून फिरतो. नारळ उभा राहिला की तिथे खूण करतो आणि दक्षिणा घेऊन निघून जातो. पाणी लागले तर पाणाड्याचे नाव होते. नाही लागले तर शेतकऱ्याचे नशीब फुटके. कर्ज मात्र दोन्ही वेळा शेतकऱ्याच्याच अंगावर. गेल्या दहा विहिरींपैकी किती विहिरींना पाणी लागले, हे पाणाड्याला कुणी विचारत नाही.

आजचा आमचा विषय पाण्याचा नाही, तेलाचा आहे. शेल नावाच्या खडकातून काढावयाच्या तेलाचा आणि वायूचा. तिथे नारळाच्या जागी संगणक आहे आणि दक्षिणेचा आकडा कोटींत जातो. पण प्रश्न तोच, जमिनीखाली काय आहे आणि ते हाती येईल काय? अमेरिकेतल्या कॅलिफोर्निया राज्यात मॉन्टेरे नावाच्या शेलमध्ये १५.४ अब्ज पिंपे तेल काढता येण्याजोगे आहे, असे २०११ साली अमेरिकन सरकारच्या ऊर्जा माहिती खात्याने छापले. २०१४ साली त्याच खात्याने तो आकडा ०.६ अब्जावर आणला. शंभरातले सुमारे शहाण्णव गेले. तीन वर्षांत कुणी ते तेल उपसून नेले नव्हते. ते जमिनीखालून हलले नाही. ते होते फक्त कागदावर.

हे कसे घडले ते समजून घ्यायचे तर आधी खडक समजून घेतला पाहिजे.

समुद्राच्या आणि तलावांच्या तळाशी अतिशय बारीक चिखल बसत असतो. त्याबरोबर पाण्यातले डोळ्यांना न दिसणारे जीव मरून खाली बसतात. वर्षानुवर्षे थरांवर थर चढतात, खालचा चिखल दबून त्याचा पापुद्र्या-पापुद्र्यांचा खडक होतो. हाच शेल. त्यात अडकलेल्या जीवांच्या अवशेषांपासून केरोजेन नावाचे द्रव्य बनते. खोल गेल्यावर पृथ्वीच्या पोटातल्या उष्णतेने ते लाखो वर्षे शिजत राहते. कमी शिजले तर तेल होत नाही. बेताचे शिजले तर तेल होते, जास्त शिजले तर वायू होतो आणि फारच शिजले तर हाती कोळपलेले कार्बन राहते. चुलीशी ज्याचा संबंध आला आहे त्याला हे अधिक सांगायला नको.

शेल हे तेलाचे माहेर. आपल्या मुंबई हाय क्षेत्रात १९७४ साली तेल सापडले ते चुनखडीच्या खडकात. पण ते त्या चुनखडीत जन्मलेले नव्हते. ते खालच्या शेलमध्ये तयार झाले, हळूहळू वर सरकले आणि चुनखडीच्या छिद्रांत येऊन नांदू लागले. वर अभेद्य थराचे झाकण होते म्हणून तिथेच थांबले. जगातले शंभर-दीडशे वर्षांतले बहुतेक तेल हे असे माहेर सोडून आलेले तेल आहे. शेल तेल म्हणजे माहेर न सोडलेले तेल.

ते माहेरीच का राहिले? कारण बाहेर पडायला वाट नाही. शेलमधली छिद्रे माणसाच्या केसाच्या जाडीच्या हजाराव्या भागाएवढी, बरीचशी त्याहूनही बारीक असतात. चांगल्या वालुकाश्मातून तेल ज्या सहजतेने वाहते त्याच्या लाखो पटींनी ते शेलमधून वाहायला अवघड. महाराष्ट्रातल्या वाचकांना एक उदाहरण जवळचे वाटेल. आपला काळा पाषाण स्वतः पाणी धरत नाही. पाणी असते ते त्याच्या भेगांत आणि वरच्या कुजलेल्या मुरमात. भेग सापडली तर झरा लागतो, नाहीतर साठ फूट खोदूनही कोरडे. शेलमध्ये अशा भेगा नसल्या तर त्या पाडाव्या लागतात. दोन-तीन किलोमीटर सरळ खाली बोअर न्यायची, मग ती आडवी वळवून थरातल्या थरात आणखी दोन-तीन किलोमीटर न्यायची. पोलादी नळीला ठिकठिकाणी भोके पाडून प्रचंड दाबाने पाणी, वाळू आणि थोडी रसायने आत सोडायची. खडक तडकतो. पाणी परत येते, वाळूचे कण भेगांत अडकून त्या उघड्या ठेवतात आणि तेल वाहू लागते.

पण कोणताही शेल तडकत नाही. ज्यात गारगोटीचा किंवा चुन्याचा अंश जास्त तो भाजलेल्या पापडासारखा मोडतो. ज्यात चिकणमाती जास्त तो पोळीसारखा नुसता वाकतो आणि वाळूचे कणही गिळून टाकतो. म्हणून नुसता शेल आहे एवढे कळून भागत नाही. किती जाड, किती शिजलेला, त्यात सेंद्रिय द्रव्य किती, चिकणमाती किती, दाब किती आणि वर-खाली कोणता खडक आहे, हे सारे माहीत असावे लागते. ही माहिती गोळा करून संगणकात जमिनीखालच्या खडकाची प्रतिकृती उभी करतात. तिलाच भूशास्त्रीय मॉडेल म्हणतात.

हे ज्ञान किती कष्टाने आले त्याची गोष्ट सांगण्यासारखी आहे. जॉर्ज मिचेल हे या धंद्यातले मोठे नाव. त्यांचे वडील ग्रीस देशात शेळ्या राखत. १९०१ साली अमेरिकेत येऊन ते रेल्वेच्या कामावर लागले. तिथल्या पगार वाटणाऱ्याला त्यांचे लांबलचक ग्रीक नाव घेता येईना म्हणून त्याने स्वतःचेच नाव त्यांना लावून टाकले, असे सांगतात. पुढे त्यांनी गॅल्व्हेस्टन गावी बूटपॉलिशचे आणि कपड्यांना इस्त्री करण्याचे दुकान चालविले. मुलगा कामे करीत करीत टेक्सासच्या कॉलेजात तेल अभियांत्रिकी आणि भूशास्त्र शिकला आणि १९४० साली वर्गात पहिला आला. या मिचेल यांच्या कंपनीने १९८१ साली टेक्सासमधल्या फोर्ट वर्थ शहराजवळच्या बार्नेट शेलमध्ये पहिली विहीर घेतली. पुढची सतरा वर्षे पैसा ओतूनही हाती फारसे लागले नाही. १९९८ साली त्यांच्या निक स्टाइन्सबर्गर या अभियंत्याने महागड्या दाट द्रावाऐवजी जवळजवळ साधे पाणीच वापरून खडक तडकविला, तेव्हा कुठे गणित जमले. २००२ साली ती कंपनी तीनशे कोटी डॉलरहून अधिक किमतीला विकली गेली.

वर्तमानपत्रांनी ही गोष्ट एका जिद्दी माणसाची म्हणून सांगितली, आणि ती तशी आहेही. पण आम्हाला त्यातला दुसरा भाग जास्त महत्त्वाचा वाटतो. अमेरिकन सरकारने १९७६ सालापासून पूर्वेकडच्या शेलवर सार्वजनिक पैशाने संशोधन चालविले होते आणि खडक कोठे तडकला हे सूक्ष्म हादऱ्यांवरून ओळखण्याचे तंत्र सरकारी प्रयोगशाळांच्या मदतीने वाढले. शिवाय मिचेल यांच्या कंपनीतल्या केंट बोकर या भूशास्त्रज्ञाने खडकाचे नमुने नव्याने तपासून दाखविले की, बार्नेटमध्ये आधी धरला होता त्याच्या कितीतरी पट वायू आहे. वायू नुसता छिद्रांत नसतो, केरोजेनच्या अंगालाही चिकटलेला असतो. ही मोजणी आधी कमी पडली होती.

आणखी एक गोष्ट तिथे कळली, ती मॉडेलचे महत्त्व सांगते. बार्नेटच्या पूर्व भागात शेलच्या खाली व्हायोला नावाचा घट्ट चुनखडीचा थर आहे. भेगा खाली जाऊ लागल्या की तो त्यांना अडवतो. पश्चिमेकडे हा थर संपतो. त्याखाली एलेनबर्गर नावाचा खाऱ्या पाण्याने भरलेला थर आहे. व्हायोला नसेल तिथे त्याच दाबाने भेगा पाडल्या की त्या थेट खाऱ्या पाण्यात जातात, मग विहिरीतून वायूऐवजी पाणीच येत राहते. वरून जमीन सारखीच, शेलही सारखाच, विहीर मात्र एक सोन्याची आणि दुसरी मातीमोल. व्हायोलाचा थर नेमका कोठे संपतो याचा नकाशा ज्याच्याजवळ, त्याचे पैसे वाचले.

आता मॉडेल म्हणजे काय ते थोडक्यात पाहू. जमिनीखालच्या सगळ्या भागाचे लहान लहान ठोकळे कल्पायचे. लांबी-रुंदी पन्नास-शंभर मीटर, जाडी मीटर-दोन मीटर. असे लाखो ठोकळे होतात. प्रत्येकाला आकडे द्यायचे, छिद्रे किती, तेल किती, चिकणमाती किती, कडकपणा किती. पण प्रत्यक्ष मोजलेले ठोकळे किती असतात? जिथे बोअर गेली तेवढेच. तालुक्याएवढ्या प्रदेशात काही ठिकाणांहून दहा सेंटिमीटर जाडीचा खडकाचा दांडा काढलेला असतो, बोअरमध्ये उपकरणे सोडून नोंदी घेतलेल्या असतात आणि जमिनीवरून लहरी सोडून त्यांच्या परतण्यावरून थरांचे ओबडधोबड चित्र मिळवलेले असते. बाकीचे ठोकळे अंदाजाने भरायचे.

हा अंदाज करण्याची शास्त्रशुद्ध रीत आहे. दक्षिण आफ्रिकेतले खाण अभियंता डॅनी क्रीग यांनी सोन्याच्या खाणींसाठी १९५१ च्या सुमारास तिचा पाया घातला आणि फ्रान्सच्या जॉर्ज मातरों यांनी तिला गणिताचे रूप देऊन क्रीग यांचे नाव दिले. जवळच्या मोजणीला जास्त वजन, लांबच्या मोजणीला कमी, असे तिचे सूत्र. या रीतीचा मोठा गुण असा की, ती अंदाज देते आणि तो अंदाज कोणत्या ठिकाणी किती कच्चा आहे तेही सांगते. पहिली गोष्ट वर्तमानपत्रात छापून येते. दुसरी येत नाही.

आता मॉन्टेरेकडे येऊ. तिथल्या १५.४ अब्ज पिंपांचा आकडा इंटेक नावाच्या सल्लागार कंपनीने काढून दिला होता. तो कसा आला हे चौथीतला मुलगाही पडताळून पाहू शकेल. तेल देऊ शकणारे क्षेत्र १,७५२ चौरस मैल धरले. दर चौरस मैलात १६ विहिरी धरल्या. दर विहिरीतून तिच्या आयुष्यात ५,५०,००० पिंपे तेल येईल असे धरले. १,७५२ गुणिले १६ म्हणजे २८,०३२ विहिरी. त्याला साडेपाच लाखांनी गुणा. १,५४१ कोटी ७६ लाख, म्हणजेच १५.४ अब्ज. गुणाकारात चूक नाही. आमच्या वाचकांनी तो पाटीवर करून पाहावा.

खोट होती ती गुणाकारापूर्वीच्या ‘धरले’ या शब्दात. एक सरासरी काढली आणि ती सगळ्या चौरस मैलांवर सारखी पसरली. जणू सगळा मॉन्टेरे एकसारखा आहे!

तो एकसारखा मुळीच नाही. अमेरिकेच्या उत्तरेकडे नॉर्थ डकोटात बाकेन नावाचा शेल आहे, त्याचे थर घडी घालून ठेवलेल्या चादरीसारखे सपाट आणि शेकडो किलोमीटर सलग आहेत. मॉन्टेरेचा शेल म्हणजे चुरगळलेली गोधडी. तो डायटम नावाच्या, काचेसारखे कवच असलेल्या सूक्ष्म शेवाळापासून बनला. त्याचे वय दीड कोटी वर्षांच्या आसपास, म्हणजे खडकांच्या हिशेबात पोरवय. पुढे पृथ्वीच्या कवचाचे दोन मोठे तुकडे जिथे एकमेकांना घासत सरकतात त्या सॅन अँड्रियास भ्रंशाच्या शेजारात तो सापडला. त्याला घड्या पडल्या, तो तुटला, कुठे वर उचलला गेला, कुठे खोल दबला. एका विहिरीत जो खडक लागतो तो शेजारच्या विहिरीत त्याच खोलीवर लागेल याची हमी नाही.

आणि घड्या पडल्या, भेगा पडल्या, म्हणजे वाटाही उघडल्या. मॉन्टेरेतले पुष्कळ तेल केव्हाच माहेर सोडून निघाले होते. केर्न जिल्ह्यातली मिडवे-सनसेट आणि केर्न रिव्हर ही जुनी प्रचंड तेलक्षेत्रे शंभर वर्षांहून अधिक काळ चालली, ती या मॉन्टेरेतून बाहेर पडलेल्या तेलावर. नव्या हिशेबात मात्र लेकीचा संसारही माहेरच्या खात्यात मोजला गेला.

आकडा एकदा सरकारी कागदावर आला की त्याला पाय फुटतात. मार्च २०१३ मध्ये सदर्न कॅलिफोर्निया विद्यापीठाचा एक अहवाल प्रसिद्ध झाला. त्याला तेल कंपन्यांच्या संघटनेचे अर्थसाहाय्य होते. २०२० सालापर्यंत मॉन्टेरेमुळे कॅलिफोर्नियात २८ लाखांपर्यंत नोकऱ्या निर्माण होतील आणि सरकारला वर्षाला २४.६ अब्ज डॉलरपर्यंत कर मिळेल, असे त्यात म्हटले होते. अठ्ठावीस लाख नोकऱ्या! केर्न जिल्हा शेतमजुरांचा. याच जिल्ह्यातल्या डिलानो गावी १९६५ साली द्राक्षमळ्यांतल्या फिलिपिनो आणि मेक्सिकन मजुरांनी संप पुकारला आणि तो पाच वर्षे चालविला. अशा माणसांच्या मुलांपुढे हा आकडा ठेवला गेला. जमीन द्यायची की नाही, पाणी द्यायचे की नाही, भेगा पाडायला परवानगी द्यायची की नाही, या सगळ्या वादांत तोच आकडा पुढे केला जाई. दुष्काळाच्या वर्षांत पाण्याचा प्रश्न तिथे साधा नव्हता. विरोध करणाऱ्याला विचारले जाई की, तुम्हाला गरिबांच्या नोकऱ्या नकोत काय?

हा प्रश्न आपल्याकडेही प्रत्येक मोठ्या प्रकल्पाच्या वेळी विचारला जातो. तो खोटाच असतो असे आम्ही म्हणणार नाही. पण नोकऱ्यांचा आकडा तेलाच्या आकड्यावर उभा असतो, तेलाचा आकडा मॉडेलवर आणि मॉडेल किती विहिरींवर, हे विचारण्याचा हक्क नोकरी मागणाऱ्यालाच सर्वांत जास्त आहे.

ते विचारले डेव्हिड ह्यूज या कॅनडाच्या भूशास्त्रज्ञाने. कॅनडाच्या सरकारी भूवैज्ञानिक खात्यात त्यांची बत्तीस वर्षे गेली होती. त्यांनी काही गुप्त माहिती मिळविली नाही. मॉन्टेरेतल्या प्रत्यक्ष विहिरींचे उत्पादन नोंदलेले होते, ते त्यांनी एकेक करून मांडले. डिसेंबर २०१३ मध्ये त्यांनी अहवाल दिला. प्रत्यक्षातल्या विहिरी आयुष्यभरात देतील ते तेल, धरलेल्या साडेपाच लाखांच्या सरासरी एक तृतीयांश किंवा त्याहूनही कमी भरते. त्यातलेही बरेच तेल खऱ्या अर्थाने शेलमधले नाहीच, ते सरकून साचलेले. मग इतक्या विहिरी इतक्या क्षेत्रात सारख्या पिकतील हे कशावरून?

पाच महिन्यांनी, मे २०१४ मध्ये, ऊर्जा माहिती खात्याने आकडा उतरविला. २०१५ साली अमेरिकेच्या भूवैज्ञानिक सर्वेक्षण खात्याने सॅन वाकीन खोऱ्यातल्या मॉन्टेरेच्या खोल भागाचा स्वतंत्र अभ्यास करून तिथे सरासरीने २ कोटी १० लाख पिंपे तेल मिळण्याजोगे असल्याचे सांगितले. अमेरिका एका दिवसात जवळपास तेवढे तेल जाळते.

पाणाड्या आणि भूशास्त्रज्ञ यांच्यातला फरक आम्हाला इथे दिसतो. चूक दोघांचीही होते. भूशास्त्रज्ञाने आकडा कसा काढला ते तीन आकड्यांत लिहून ठेवले होते, म्हणून दुसऱ्याला तो तपासता आला आणि ज्या खात्याने छापला त्यालाच तो खोडावा लागला. नारळाचा हिशेब कुणी लिहून ठेवीत नाही. आम्हाला खेद एवढाच की, १५.४ अब्जांच्या बातमीला जितकी मोठी अक्षरे मिळाली, तितकी ०.६ अब्जांच्या बातमीला मिळाली नाहीत.

मॉडेल नेहमी फुगवूनच सांगते असेही नाही. वर ज्याचा उल्लेख केला त्या बाकेनमध्ये १९९५ साली भूवैज्ञानिक सर्वेक्षण खात्याने १५ कोटी १० लाख पिंपे मिळण्याजोगी धरली होती. २००८ साली त्याच खात्याने ३.६५ अब्ज सांगितली. पंचवीस पट! २०१३ साली खालचा थ्री फोर्क्स थर धरून ७.४ अब्ज. खडक तोच होता. मधल्या काळात आडव्या विहिरींचे तंत्र आले. शिवाय बोअर कोठे न्यायची हे उमगले होते. बाकेनमध्ये दोन शेलच्या मधोमध डोलोमाइट आणि बारीक वाळूचा कडक थर आहे, जणू भाकरीच्या दोन पदरांत भरलेले सारण. तेल बनते वरच्या आणि खालच्या शेलमध्ये, बोअर न्यायची मधल्या थरात. आणि मुख्य म्हणजे विहिरी घेतल्या गेल्या, त्यांनी प्रत्यक्ष तेल दिले, त्या उत्पादनावरून मॉडेल दुरुस्त होत गेले.

ही दुरुस्ती शेलच्या बाबतीत सतत करावी लागते. शेलची विहीर पहिल्या महिन्यात जोरात वाहते आणि वर्षभरात तिचे उत्पादन निम्म्याच्याही खाली येते. पहिल्या महिन्याच्या आकड्यावर आयुष्याचा हिशेब मांडणारा फसतो. खडकात असलेल्या तेलापैकी शंभरातले पाच-दहाच वर येते. म्हणून ‘इतके तेल आहे’ असे वाचले की ते तीनपैकी कोणते, हे पाहावे. खडकात असलेले, आजच्या तंत्राने काढता येण्याजोगे, की आजच्या भावात काढायला परवडणारे? बातमीत तिन्हींची सरमिसळ होते.

युरोपात पोलंडचीही अशीच गत झाली. २०११ साली अमेरिकन खात्याने तिथे १८७ लाख कोटी घनफूट वायू काढता येईल असे म्हटले. देशाची रशियन वायूपासून सुटका होणार म्हणून आनंदीआनंद झाला. पुढच्याच वर्षी पोलंडच्या भूवैज्ञानिक संस्थेने जुन्या विहिरींचे खडक तपासून तो आकडा कितीतरी खाली आणला. एक्सॉन २०१२ साली निघून गेली, शेव्हरॉन २०१५ साली.

आपल्या देशाचे काय? २५ जानेवारी २०११ रोजी पश्चिम बंगालमध्ये दुर्गापूरजवळ इच्छापूर येथे ओएनजीसीच्या विहिरीत सुमारे १,७०० मीटर खोलीवरच्या शेलमधून वायू आला. भारतातली ही पहिली घटना, आणि ती अभिमानाची होती. ऑक्टोबर २०१३ मध्ये केंद्र सरकारने ओएनजीसी आणि ऑइल इंडिया यांना शेलच्या शोधाची परवानगी देणारे धोरण आणले. २०१८ साली इतर कंपन्यांनाही त्यांच्या आधीच्या क्षेत्रांत ती मिळाली.

आकडे मात्र एकाहून एक वेगळे. अमेरिकेच्या भूवैज्ञानिक सर्वेक्षण खात्याने खंभात, कृष्णा-गोदावरी आणि कावेरी या तीन खोऱ्यांत मिळून ६.१ लाख कोटी घनफूट वायू मिळण्याजोगा धरला. त्याच देशाच्या ऊर्जा माहिती खात्याने २०१३ साली ही तीन आणि दामोदर खोरे धरून ९६ लाख कोटी सांगितला, तर खडकात असलेला ५८४ लाख कोटी. ओएनजीसीने पाच खोऱ्यांत मिळून १८७.५ लाख कोटींचा अंदाज केला. श्लुम्बर्जर या कंपनीने सगळ्या देशासाठी ३०० ते २,१०० लाख कोटी असा पल्ला दिला. संसदेत हे आकडे मांडले गेले आहेत. वाचकांनी त्यांना एका रांगेत उभे करू नये, कारण काही खडकातल्या वायूचे आहेत, काही काढता येण्याजोग्याचे, आणि खोरीही तीच नाहीत. श्लुम्बर्जरचा पल्ला पाहून कुणाला हसू येईल. आम्हाला तो त्यातल्या त्यात प्रामाणिक वाटतो. विहिरी थोड्या असताना खालच्या आणि वरच्या आकड्यात सात पटींचे अंतर राहणारच.

व्यापारी प्रमाणावर शेल वायू भारतात अजून निघालेला नाही. त्याची कारणे पुन्हा खडकातच सापडतात. दामोदर खोऱ्याचे शेल नदी-तलावांच्या गाळाचे आहेत, त्यांत चिकणमाती बरीच, म्हणजे पापडापेक्षा पोळीच्या जवळचे. दाट वस्ती, कोळशाच्या खाणी आणि पाण्याची टंचाई हा वरचा भाग वेगळाच. खंभातचा शेल समुद्राच्या बाजूचा, जाड आणि चांगला शिजलेला, गुजरातेतल्या जुन्या तेलविहिरींचे तेल त्याच्यातूनच आलेले. पण ते खोरे भ्रंशांनी तुकड्या-तुकड्यांत खचलेले आहे. एका तुकड्यात तेल तयार करण्याइतकी खोली, शेजारच्या तुकड्यात नाही. आणि त्या खोऱ्याचा तळ म्हणजे आपलाच काळा पाषाण. महाराष्ट्रात आपण ज्याच्यात विहिरी खोदतो तोच लाव्ह्याचा खडक तिथे काही किलोमीटर खाली गेला आहे आणि त्याच्यावर तो शेल बसला आहे. खंभातचे मॉडेल करणाऱ्याला त्या पाषाणाचा प्रत्येक चढ-उतार आधी शोधावा लागतो, कारण त्याच्या खळग्यांत शेल जाड आहे आणि उंचवट्यांवर पातळ.